पाहुणी भाषा

शाळेचें वर्ष कोणत्या ऋतूंत सुरू व्हावें हें ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्रांत पावसाकडे आहे. मृगाची सर, ओल्या मातीचा वास, तपकिरी कागदाचीं वेष्टणें चढविलेलीं नवीं पुस्तकें आणि छत्रीवरून निथळलेल्या पाण्यानें फुगलेला पहिला धडा, या सर्वांची मराठी मनांत एक सांगडच बसून गेली आहे. जपानांत हा अधिकार वसंताकडे आहे. तेथें एप्रिलच्या आरंभीं शाळा भरते व मार्चच्या अखेरीस वर्ष संपतें. असें कां, म्हणून विचारलें तर जो तो चेरीच्या फुलांकडे बोट दाखवितो. ही समजूत मोठी गोड आहे. परंतु इतिहास तितका रसिक नाहीं. १८८६ सालीं जपानी सरकारनें आपलें हिशेबी वर्ष एप्रिलपासून मोजावयास आरंभ केला. हळूहळू शाळांनीं तोच पाठ गिरविला. आणि टोकियोचें शाही विद्यापीठ तर १९२१ पर्यंत सप्टेंबरांत उघडत असे. तात्पर्य, मुलांच्या हातीं एप्रिलमध्यें पाटी दिली ती खजिनदारानें. फुलें आयतीं तेथें होतीं आणि सारें श्रेय त्यांनीं घेतलें.

अशा या देशांत परदेशी इंग्रजी शिक्षक म्हणून दोन वसंत काढण्याचा योग आम्हांस उतारवयांत आला. आमची कन्या व जावई टोकियोच्या पूर्वेस, एदोगावा विभागांतील निशी-कासाई येथें राहतात. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठीं आलेलीं भारतीय कुटुंबें या भागांत स्थिरावूं लागलीं. आतां तेथें लिफ्टमध्यें मराठी शब्द कानीं पडला तर कोणी मान वळवीत नाहीं. २०१९ सालीं त्या विभागाच्या लोकनियुक्त सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनहि आले. आम्ही महाविद्यालयाकडून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन लेकीकडे गेलों, तों जवळच्याच एका सार्वजनिक शाळेंत इंग्रजीसाठीं साहाय्यक शिक्षक हवा असल्याचें कळलें. असे साहाय्यक परदेशांतून बोलावण्याची मोठी सरकारी योजना १९८७ सालीं निघाली; पहिल्या वर्षीं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. आम्ही त्या योजनेंतले नव्हे. आमची नेमणूक स्थानिक. पंचवीस वर्षें प्राध्यापकी केल्यावर आम्ही साहाय्यक झालों, आणि ज्यांस साहाय्य करावयाचें त्या मुख्य शिक्षिका आमच्या कन्येहून धाकट्या होत्या. आमच्या कुटुंबानें यावर एवढेंच म्हटलें, "अहो, जन्मभर दुसऱ्यांना उभें करून प्रश्न विचारलेत; आतां जरा बाजूला उभे राहून पाहा."

जपानी शाळेचा दिवस जोड्यांपासून सुरू होतो. बाहेरचे जोडे दारांतील फळीवर ठेवावयाचे आणि आंतले पांढरे जोडे चढवावयाचे. त्या पांढऱ्या जोड्यांवर प्रत्येक मुलानें आपलें नांव लिहिलें पाहिजे, असा आमच्या शाळेचा नियम होता. तास सुरू झाल्याची वर्दी टोल्यानें मिळत नाहीं. भिंतीवरील कर्ण्यांतून चार स्वरांची एक सुरावट येते. ती लंडनच्या पार्लमेंट-भवनावरील घड्याळाची. त्याच घड्याळाच्या मनोऱ्यावरून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा बेतला गेला व १८७८ सालीं पुरा झाला. त्या मनोऱ्याच्या सावलींत पदवी घेतलेल्या मनुष्यास टोकियोंत तीच सुरावट दिवसांतून अनेकदां ऐकावी लागते, आणि साम्राज्यें मावळल्यावरहि त्यांचीं घड्याळें चालूं राहतात, हें पटतें.

दुपारीं मुलें पांढरे अंगरखे व टोप्या घालून वर्गांतच जेवण वाढतात, आणि शिक्षक त्यांच्याबरोबर जेवतात. जपानी सारांत बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो. म्हणून आमचा पोळीभाजीचा डबा निराळा असे, व पोळी हातानें तोडण्याची कला पाहण्यास दोन-चार डोळे आमच्या पानाकडे लागलेले असत. जेवणानंतर झाडलोट. मुलें, शिक्षक, मुख्याध्यापक, सारे केरसुणी व फडकीं घेऊन पंधरा-वीस मिनिटें राबतात. आमच्या देशांत झाडू कोणाच्या हातीं असावा हें पुष्कळ शतकें जन्मावरून ठरत आलें. येथें मुख्याध्यापक जिना पुसतांना पाहून कोणास त्यांच्या साधेपणाचें कौतुक करावेंसेंहि वाटत नाहीं. ज्या गोष्टीचें कौतुक होत नाहीं ती खरोखर रुजली, असें समजावें.

शब्दांच्या बाबतींत आम्हांस सर्वांत जवळचा वाटला तो निरोपाचा शब्द. जपानी मनुष्य घरांतून बाहेर पडतांना "इत्ते किमासु" म्हणतो. त्याचा सरळ अर्थ "जाऊन येतों." मराठी घरांत नुसतें "जातों" म्हटलें तर आजी अजून दटावते. दोन हजार कोसांवरील दोन भाषांनीं उंबरठ्यावर एकच काळजी घ्यावी, यांतील जिव्हाळा व्याकरणाच्या पुस्तकांत सांपडावयाचा नाहीं.

पहिल्या एप्रिलांतील पहिले तास स्वतःची ओळख करून देण्याचे. आम्हीं नकाशा टांगला, चित्रें दाखविलीं आणि प्रश्न विचारा म्हणून सांगितलें. वर्ग शांत. जपानी वर्गाची शांतता नवख्यास भिववते. मुलें पाहतात, ऐकतात, वहींत टिपून घेतात; पण बोलत नाहींत. चुकीचें बोलण्यापेक्षां न बोललेलें बरें, आणि इतरांआधीं बोलणें त्याहून वाईट, अशी कांहींशी त्यांची रीत आहे. अखेर मागच्या रांगेंतील एका मुलीनें बाईंच्या कानांत कांहीं सांगितलें. बाई संकोचल्या व मग म्हणाल्या कीं, मुलीचा प्रश्न असा आहे: इंग्रजी ही सेन्सेईंची स्वतःची भाषा आहे का?

हा प्रश्न आम्हांस पंचवीस वर्षांत कोणीं विचारला नव्हता. महाराष्ट्रांत तो विचारण्याची रीत नाहीं. तेथें इंग्रजी कोणाची आहे हें न पाहतां ती कोणास किती येते एवढेंच पाहतात. आम्हीं उत्तर दिलें कीं, नाहीं. आमची भाषा मराठी. इंग्रजी आम्ही शाळेंत शिकलों, जशी तुम्ही शिकतां आहां. बाईंनीं हें जपानींत सांगितल्यावर वर्गांत एक हलकीशी हालचाल झाली. समोर उभा असलेला मनुष्य या भाषेंत जन्मलेला नाहीं, त्यानेंहि ती शब्द घोकून मिळविली आहे, हें ऐकून मुलांचे खांदे थोडे सैल पडल्याचें आम्हांस स्पष्ट दिसलें.

मग मराठी कशी लिहितात, असा प्रश्न आला. आम्हीं त्या मुलीचें नांव फळ्यावर देवनागरींत लिहिलें आणि तो तास इंग्रजीचा राहिला नाहीं. प्रत्येकास आपलें नांव हवें होतें. वर्गाच्या भिंतीवर जपानी अक्षरांचा तक्ता होता. आम्हीं त्याशेजारीं आपली वर्णमाला मांडली व बाईंस दाखविली. जपानी मूल अक्षरें म्हणतें तीं अ, इ, उ, ए, ओ अशीं. पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व. क्रम आपलाच. भारतीय लिपीचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या द्वारें तो जपानांत रुजला. कूकाई हा भिक्षु ८०६ सालीं चीनमधून परतला, तेव्हां त्यानें आणलेल्या ग्रंथांत सिद्धम् लिपींतील मंत्र होते, आणि तीं अक्षरें आजहि तेथील स्मशानांतील लांकडी फळ्यांवर रंगविलेलीं दिसतात. तक्त्यांतील स व ह हे दोन वर्ण मधेंच घुसल्यासारखे वाटतात खरे. परंतु प्राचीन जपानींत त्यांचे उच्चार च व प यांच्या जवळचे होते, असें भाषाशास्त्री सांगतात. तसे ते धरले कीं सांखळी जुळते. सुमारें हजार-बाराशें वर्षांची ही ओळख आम्हां दोघांस एका तिसऱ्याच भाषेच्या तासाला पटावी, हा योग विलक्षण खरा.

परंतु त्या वर्गाची शांतता आमच्या मनांतून गेली नाहीं, कारण दुसऱ्या एका शांततेशीं आमचा जुना परिचय आहे. खेड्यांतून आलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीं मागच्या बांकावर बसतो आणि इंग्रजीच्या तासाला मान वर करीत नाहीं. गणितांत तो पुढें असतो. मराठींत लिहूं लागला तर त्याचा निबंध वाचीत राहावासा वाटतो. पण इंग्रजी वाक्य अडलें कीं तो स्वतःस मनुष्य म्हणूनच उणा समजूं लागतो. त्याच्या शांततेंत लाज असते. जपानी मुलाच्या शांततेंत भीड असते, परीक्षेची धास्ती असते, क्वचित् कंटाळाहि असतो. परंतु लाज नसते. त्याचा डॉक्टर जपानींत शिकलेला आहे, न्यायाधीश जपानींत निवाडा लिहितो, पूल बांधणारा जपानींत हिशेब करतो. इंग्रजी ही त्याच्या घरीं आलेली पाहुणी. तिच्याशीं बोलतांना तो अडखळेल, पण तिच्यापायीं तो आपलीच ओसरी सोडून उभा राहणार नाहीं.

ही गोष्ट एका मराठी माणसानें शंभर वर्षांपूर्वीं ओळखली होती. टोकियोंत १९०१ सालीं स्थापन झालेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं आली. तिच्या आधारें त्यांनीं १९१५ सालच्या सामाजिक परिषदेंत आपली योजना मांडली, आणि १९१६ सालीं पुण्यांत महिला विद्यापीठ उघडलें. त्याचें शिक्षण मातृभाषेंतून; इंग्रजी आवश्यक, पण एक विषय म्हणून. इंग्रजीस घरांत जागा द्यावी, मात्र किल्ल्या देऊं नयेत, असाच त्यांचा विचार असला पाहिजे. आपण त्यांचा पुतळा उभारला व किल्ल्या देऊन टाकल्या.

जपाननेंहि ही जागा सहजासहजीं राखलेली नाहीं. मेजींच्या राजवटींत उच्च शिक्षण बरेंचसें परदेशी पंडितांच्या तोंडून व त्यांच्या भाषेंत होत असे. लाफकादिओ हर्न हा त्यांतला एक. तो १८९० च्या एप्रिलांत योकोहामास उतरला, मात्सुए गांवच्या शाळेंत इंग्रजी शिकवूं लागला, आणि १८९६ पासून टोकियोच्या शाही विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक झाला. १९०३ च्या मार्चांत त्याची मुदत संपली व त्याच एप्रिलांत त्याच्या जागीं नुकताच लंडनहून परतलेला नात्सुमे सोसेकी आला. विद्यार्थी रुष्ट झाले. हर्नच्या काव्यमय व्याख्यानांपुढें सोसेकीचें चिकित्सक शिकविणें त्यांस रुक्ष वाटलें. हर्नचें दुःखहि मोठें होतें. परंतु आज दुरून पाहतां वाटतें कीं, परदेशी शिक्षकाचें खरें यश त्याची गरज संपण्यांतच आहे. सोसेकीनें १९०७ सालीं तीहि प्राध्यापकी सोडली, एका वृत्तपत्राचा आश्रय धरला आणि इंग्रजींतून मिळविलेलें सारें जपानी कादंबरीच्या मुळाशीं घातलें.

याची किंमतहि आहे, ती सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षें इंग्रजी शिकून जपानी पदवीधर रस्ता विचारणाऱ्या परदेशी प्रवाशापुढें गांगरतो. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पांचवी-सहावींतहि इंग्रजी हा रीतसर विषय झाला, तो याच चिंतेपोटीं. आमच्या बाई रात्रीं उशिरापर्यंत शाळेंत बसून धडे तयार करीत, आणि मुलें पाठ केलेलीं वाक्यें परीक्षेंत उतरवून मोकळीं होत. पाहुणीशीं नुसता नमस्कार-चमत्कार झाला, सुखदुःखाचें बोलणें झालें नाहीं, तर पाहुणचारहि अर्धाच राहतो.

मार्चचा उत्तरार्ध आला कीं सारें टोकियो एका झाडाकडे डोळे लावून बसतें. यासुकुनी देवळाच्या आवारांतील ठराविक चेरीवर पांच-सहा फुलें उमललीं म्हणजे हवामान खात्याचे अधिकारी शहरांत बहर सुरू झाल्याचें जाहीर करतात. २०२०, २०२१ व २०२३ या सालीं हा दिवस १४ मार्चलाच उगवला. इतका लवकर तो पूर्वीं कधीं नोंदला गेला नव्हता. त्यामुळें नव्या मुलांच्या स्वागतास फुलांनीं हजर राहावें हा जुना संकेत आतां टोकियोंत वरचेवर मोडतो. आमच्या दुसऱ्या एप्रिलांत मुलें नवे गणवेष घालून आलीं, तेव्हां अराकावा नदीच्या काठच्या झाडांवर कोंवळीं पानें होतीं व पाकळ्या गटाराच्या जाळीवर साठल्या होत्या.

हीं बहुतेक झाडें सोमेइ-योशिनो जातीचीं. एदो म्हणजे जुन्या टोकियोजवळच्या सोमेइ गांवच्या माळ्यांनीं ती जात पसरविली. तिच्या बीपासून तेंच झाड येत नाहीं. देशभरचीं लक्षावधि झाडें हीं एकाच झाडाचीं कलमें आहेत, आणि म्हणूनच एका गांवीं तीं सारीं एका वेळीं फुलतात. हें ऐकून आम्हांस कोंकणची आठवण झाली. आपला हापूसहि कलमीच. नांव पोर्तुगीजाचें, पण खालीं खोड रायवळ आंब्याचें. कलमाच्या फळाची गोडी कोणी नाकारीत नाहीं; मात्र पाणी घालावयाचें तें रायवळाच्या मुळांना. त्या मुलीच्या प्रश्नास याहून नेमकें उत्तर आम्हांस अजून सुचलेलें नाहीं. इंग्रजी हें आमच्यावरचें कलम आहे. त्याचीं फळें आम्हीं खाल्लीं, विकलीं, वाटलीं. त्यांवर घर चाललें. मूळ मराठी आहे, आणि तें सुकलें तर फांदीवरच्या मोहोराचें कौतुक कोणासाठीं?

मार्च हा निरोपाचा महिना. पदवीदानाचा समारंभ थंडगार व्यायामशाळेंत होतो. नुसतें नमन कसें करावें याच्याहि तालमी होतात. एकेका मुलाचें नांव पुकारतात, तो "हाइ" म्हणून उभा राहतो, आणि अखेरीस एक निरोपाचें गीत होतें. त्याची चाल स्कॉटलंडची, शब्द जपानी. १८८१ च्या शालेय गीतसंग्रहांत तें आलें आणि इतकें रुजलें कीं ही चाल परक्याची आहे हें मुलांस सांगूनहि खरें वाटत नाहीं.

त्या वर्षीं बाहेर पडणाऱ्या मुलांत खिडकीजवळ बसणारा एक मुलगा होता. वर्षभरांत त्याच्या तोंडून आम्हीं एका शब्दाखेरीज इंग्रजी ऐकलें नाहीं. फेब्रुवारींत त्याच्या वर्गशिक्षकांनीं त्यास आमच्या मेजाशीं आणलें. त्यानें आपल्या पांढऱ्या जोड्यांवरचें नांव पुसून कांहीं निराळींच अक्षरें काढलीं होतीं, व तीं खरोखर त्याच्या नांवाचीं आहेत कीं नाहींत याचा खुलासा आमच्याकडून हवा होता. अक्षरें देवनागरी होतीं. एप्रिलमध्यें फळ्यावर लिहिलेलीं. पहिल्या वेलांटीच्या जागीं दुसरी पडली होती, एवढें सोडतां नांव त्याचेंच. ही चूक साधण्यास मराठी मुलास कित्येक वर्षें शाळेंत जावें लागतें. यानें ती एका तासांत साधली. आम्हीं वर्गशिक्षकांस सांगितलें कीं, नांव बरोबर आहे. नियम नांव लिहिण्याचा होता. लिपी कोणती याविषयीं तो मौन होता. शिक्षकांनीं क्षणभर विचार केला व मान डोलावली. समारंभानंतर तो मुलगा ते जोडे कापडी पिशवींत घालून आला, खोल वांकला आणि आपली काळजी वाहिल्याबद्दलचें ठराविक जपानी वाक्य बोलून गेला. वाक्य ठराविक होतें म्हणूनच बहुधा त्यास तें इतक्या सरळपणें बोलतां आलें.

सार्वजनिक शाळेंतील शिक्षकांच्या बदल्या दर कांहीं वर्षांनीं होतात व त्यांची वार्ता मार्चच्या शेवटीं फुटते. आमच्या बाईंची बदली दुसऱ्या शाळेंत झाली. तीन दिवसांत त्यांचें मेज रिकामें झालें. जातांना त्यांनीं आमच्याकडून मराठी वर्णमाला एका मोठ्या कागदावर लिहून घेतली. नव्या वर्गांत जपानी तक्त्याशेजारीं टांगावयाची म्हणून. १ एप्रिलला त्यांच्या खुर्चीवर दुसरे शिक्षक बसले, आम्हीं परस्परांस नमन केलें, आणि चार स्वरांची ती सुरावट वाजली.

आमची मुदत येत्या मार्चांत संपेल व आमच्या जागीं कोणी दुसरा येईल. यावा हेंच योग्य. रजा संपवून आम्ही आपल्या वर्गांत परत गेलों म्हणजे पहिल्या तासाला विद्यार्थ्यांस तोच प्रश्न विचारावयाचा, असें आम्हीं ठरविलें आहे: ही भाषा तुमची आहे का? त्याचें उत्तर मागच्या बांकावरून आलें पाहिजे, आणि तें मराठींत आलें तरी चालेल.